दारापर्यंतची तार आणि घरातले इंटरनेट

सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची पहिल्या पंधरवड्यातली कामे साधारण ठरलेली असतात. घराचा करारनामा, मुलांची शाळा, लिटल इंडियात जाऊन कुकर आणि पोळपाट-लाटणे, आणि इंटरनेटची जोडणी. यांपैकी शेवटचे काम सर्वांत सोपे. भिंतीवर फायबरची छोटी पांढरी पेटी बहुधा आधीच बसवलेली असते. आपण फक्त कंपनी निवडायची आणि करारावर सही करायची. पुण्यातल्या आजी-आजोबांना त्याच आठवड्यात नातवंडे पडद्यावर दिसू लागतात.

ही पेटी भिंतीवर कशी आली, तिच्यासाठी पैसे कुणी भरले, आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या एका खोलीच्या घरात ती असूनही तिच्यातून काहीच का वाहत नव्हते, याची हकिकत मोठी आहे. मी १९९६ पासून या शहरात आहे आणि संगणकाच्याच व्यवसायात आहे, त्यामुळे या हकिकतीचा बराच भाग डोळ्यांदेखत घडला. आपल्यापैकी अनेकांनी तर ती घडवण्यात नोकरीच्या निमित्ताने हातही लावला. म्हणून ती एकदा सलग सांगावी असे वाटले.

संगणक आधी कचेरीत आला

सिंगापूर सरकारने संगणकाचा विचार घरापासून सुरू केला नाही. १९८१ साली राष्ट्रीय संगणक मंडळ, म्हणजे नॅशनल कॉम्प्युटर बोर्ड, स्थापन झाले. फिलिप येओ त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळाचे पहिले काम होते सरकारी खात्यांचे संगणकीकरण. मग व्यापाराची पाळी आली. १९८९ मध्ये ट्रेडनेट सुरू झाले आणि बंदरातल्या आयात-निर्यातीची कागदपत्रे संगणकावरून जाऊ लागली. ज्या परवानगीला दिवस लागत, ती मिनिटांत मिळू लागली. बंदरावर जगणाऱ्या देशाला यातला फायदा कुणी समजावून सांगावा लागला नाही.

घराकडे पहिले गंभीर पाऊल पडले ते टेलिव्ह्यूच्या रूपाने. आज हे नाव फार थोड्यांना आठवेल. १९९१ साली व्यापारी स्वरूपात सुरू झालेली ही सेवा इंटरनेट नव्हती. मजकूर टेलिफोनच्या तारेवरून यायचा आणि चित्रे दूरदर्शनच्या लहरींवरून. बातम्या, शेअरचे भाव, बँकेचे व्यवहार असे बरेच काही तिच्यात होते. कल्पना काळाच्या पुढची होती, पण बंदिस्त होती. चालवणारे जे देतील तेवढेच पाहायचे. जगभरचे जाळे खुले झाल्यावर तिचे दिवस भरले.

१९९२ मध्ये 'आयटी २०००' हा आराखडा प्रसिद्ध झाला. तान चिन नाम तेव्हा संगणक मंडळाचे अध्यक्ष होते. 'बुद्धिमान बेट' ही घोषणा याच आराखड्याची. घर, कचेरी, शाळा आणि कारखाना एकाच जाळ्याने जोडायचे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. तोपर्यंत इंटरनेट होते ते विद्यापीठातल्या टेकनेटवर, संशोधकांपुरते. जुलै १९९४ मध्ये सिंगनेटने ते सामान्य ग्राहकाला विकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी टेकनेटचेच रूपांतर पॅसिफिक इंटरनेटमध्ये झाले आणि १९९६ मध्ये सायबरवे ही तिसरी कंपनी आली. त्याच वर्षी जुलैत इंटरनेटवरील मजकुरासाठी परवाना पद्धतीही लागू झाली. सरकारने एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने दारावर माणूस बसवला, असे तेव्हा आम्ही चहाच्या टेबलावर म्हणायचो.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट जनतेसाठी खुले केले. विद्यार्थ्यांच्या ५०० रुपयांच्या खात्यात नुसता मजकूर दिसे. चित्रे पाहायची तर वर्षाला हजारो रुपये मोजावे लागत. त्या मानाने सिंगापूर स्वस्त वाटे, पण मुद्दाम स्वस्त केलेले असे इथेही काही नव्हते. इंटरनेटचे तास वेगळे आणि टेलिफोनची मिनिटे वेगळी. आमच्या घरी पद्धत अशी होती की, आईवडिलांसाठी पत्र आधी युडोरात रोमन लिपीतल्या मराठीत लिहून ठेवायचे, रात्री दर उतरले की मोडेम जोडायचे, पत्र पाठवायचे, आलेली उतरवून घ्यायची आणि लगेच तार सोडायची. वाचन नंतर, निवांत. मध्येच कुणाचा फोन आला तर सगळे पहिल्यापासून. ज्याच्याकडे संगणक होता, त्याची ही गोष्ट. ज्याच्याकडे तो नव्हता, त्याचा विचार अजून कुठेच नव्हता.

सर्वांसाठी एक जाळे

जून १९९६ मध्ये 'सिंगापूर वन' ही योजना जाहीर झाली. 'वन' म्हणजे 'सर्वांसाठी एक जाळे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. सरकारने पायाभूत जाळे उभारायला मदत करायची, त्यावर केबल मोडेम आणि टेलिफोनच्या तारेवरचे एडीएसएल अशा दोन वाटांनी वेगवान सेवा घरोघरी न्यायची, असा बेत होता. १९९७ मध्ये चाचणी आणि १९९८ मध्ये व्यापारी सेवा सुरू झाली. संपूर्ण देशाला ब्रॉडबँड देण्याचा हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक होता.

त्याच सुमारास शिक्षण खात्याने २ अब्ज डॉलरचा आराखडा हाती घेतला (या लेखात डॉलर म्हणजे सिंगापूर डॉलर). १९९७ ते २००२ या काळात शाळाशाळांत संगणक बसवायचे आणि अभ्यासक्रमाचा ३० टक्के वेळ संगणकाच्या साहाय्याने शिकवायचा, असे उद्दिष्ट होते. दुसरीकडे दूरसंचारातली मक्तेदारी मोडण्याची तयारी सुरू झाली. सिंगटेलची मक्तेदारी २००७ पर्यंत चालणार होती. ती २००० सालीच संपवायची ठरले आणि त्यापोटी सरकारने कंपनीला १.५ अब्ज डॉलरची भरपाई दिली. १ एप्रिल २००० पासून बाजार पूर्ण खुला झाला.

मक्तेदारी संपवण्यासाठी मक्तेदारालाच दीड अब्ज द्यायचे, हे आपल्या मराठी मनाला जरा विचित्र वाटते. पण करार केला असेल तर तो मोडण्याची किंमत मोजायची, ही इथली रीत आहे, आणि पुढच्या स्पर्धेचा पाया त्यातून घातला गेला.

एवढे होऊनही 'सर्वांसाठी' हा शब्द पुरा झाला नाही. तार बहुतेक घरांच्या जवळून जात होती. तिचा महिन्याचा आकार आणि संगणकाची किंमत मात्र गरीब कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. शाळेत मुलाला संगणकावर धडा दिला जाई आणि घरी गेल्यावर तो धडा पुढे करायला काहीच नसे. शिक्षण खात्याचा आराखडा जसजसा यशस्वी होत गेला, तसतशी ही दरी अधिकच दिसू लागली.

जुने संगणक, नवे संगणक

या दरीवरचा पहिला उपाय साधा होता. १९९९ मध्ये वापरलेले संगणक गोळा करून, दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देण्याची योजना सुरू झाली. कंपन्या दर तीन-चार वर्षांनी यंत्रे बदलतच असतात. त्यांची अडगळ कुणाच्या तरी उपयोगी पडावी, हा हेतू. पण जुन्या यंत्राचे आयुष्य थोडे, आणि सोबत इंटरनेट नसेल तर त्याचा टंकलेखनापलीकडे उपयोग नाही.

म्हणून २००६ मध्ये 'निऊ पीसी प्लस' ही योजना आली. शाळेत जाणारी मुले किंवा अपंग व्यक्ती असलेल्या कमी उत्पन्नाच्या घरांना नवा संगणक सवलतीत आणि त्याच्या जोडीला ब्रॉडबँड, असा हा संच होता. या योजनेतली एक गोष्ट सिंगापूरच्या स्वभावाची आहे. काहीही पूर्ण फुकट द्यायचे नाही, घेणाऱ्याने थोडा तरी वाटा उचलायचा. ज्या कुटुंबाला तो वाटाही जड, त्याच्यासाठी वेगळा निधी ठेवला होता. त्यातून मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याने काही तास समाजसेवा करायची आणि आपला वाटा श्रमाने फेडायचा.

या अटीवर आमच्या मित्रमंडळींत वाद व्हायचे. एका बाजूचे म्हणणे, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ज्या मुलाकडे वह्या-पुस्तकांचीच चणचण आहे, त्याला संगणकासाठी राबायला लावणे बरे दिसत नाही, श्रीमंताच्या मुलाला कुणी असे विचारत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्याकडे रयत शिक्षण संस्थेच्या 'कमवा आणि शिका' योजनेने पिढ्या घडवल्या, हे आठवले की पहिली बाजू पटते. पण त्या योजनेत शिकणारे सगळेच राबत होते आणि इथे फक्त गरिबाचे पोर राबणार, हे लक्षात आले की दुसरी पटते.

रस्ता एकाचा, गाड्या अनेकांच्या

२००६ सालच्याच 'आयएन २०१५' या आराखड्यात देशभर फायबर टाकण्याचा निर्णय झाला. हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय, असे माझे मत आहे. सरकारने १ अब्ज डॉलरपर्यंत अनुदान देऊ केले. पण त्याहून महत्त्वाचे, कुणी काय करायचे याची त्याने तीन थरांत वाटणी केली.

पहिला थर जमिनीतल्या आणि इमारतीतल्या तारांचा. हे काम सप्टेंबर २००८ मध्ये ओपननेट या गटाला मिळाले. त्यासाठी ७५ कोटी डॉलरपर्यंत अनुदान होते. दुसरा थर त्या तारांत प्रकाश सोडणाऱ्या यंत्रसामग्रीचा. तो २००९ मध्ये न्यूक्लियस कनेक्टला मिळाला, २५ कोटी डॉलरपर्यंतच्या अनुदानासह. तिसरा थर ग्राहकाला सेवा विकणाऱ्या कंपन्यांचा. तार एकाच मालकाची, पण ती त्याने सर्व विक्रेत्यांना सारख्याच भावाने दिली पाहिजे, असे बंधन घातले. एका घराच्या तारेचा घाऊक दर महिन्याला १५ डॉलर ठरला. लहान कंपनी असो की मोठी, भाव एकच.

एसटीचे उदाहरण घेऊन सांगायचे तर, रस्ता बांधणाऱ्यालाच गाड्या चालवू दिल्या तर तो दुसऱ्याच्या गाडीला वाट देणार नाही. म्हणून रस्ता वेगळा केला आणि गाड्यांना मोकळीक दिली.

आणखी एक गोष्ट जमेची होती. इथले सुमारे ८० टक्के रहिवासी एचडीबीच्या, म्हणजे गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. एका ब्लॉकमध्ये शंभर-दीडशे घरे, सगळ्यांच्या तारांचे मार्ग ठरलेले. मुंबईच्या चाळीत किंवा सांगलीच्या एखाद्या वाडीत तार नेण्यापेक्षा हे फार सोपे. सेवा २०१० मध्ये सुरू झाली, २०१२ च्या मध्यापर्यंत ९५ टक्के जागी फायबर पोहोचले, आणि २०१३ पासून मागेल त्याला ते देणे बंधनकारक झाले. मोहिमेच्या काळात घरातली पहिली जोडणी मोफत होती. आमच्या ब्लॉकमध्येही पत्र आले, ठरल्या दिवशी दोन कारागीर आले, जेवणाच्या टेबलामागे पेटी बसवून गेले.

स्पर्धेचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. २०११ मध्ये स्थापन झालेल्या मायरिपब्लिक या नवख्या कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये सेकंदाला १ गिगाबिटची सेवा महिन्याला सुमारे ५० डॉलरला देऊ केली. मोठ्या कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. मधल्या काळात ओपननेट नेटलिंक ट्रस्टमध्ये विलीन झाले, आणि घाऊक दर नियामकाच्या देखरेखीखाली पुढे १५ डॉलरच्याही खाली आला. आपण आज जे बिल भरतो, त्याच्या मागे ही सगळी रचना आहे.

उरलेली घरे

इथे ही यशोगाथा संपवता आली असती. तार प्रत्येक दारापर्यंत पोहोचली होती. पण २०१७-१८ च्या सरकारी कुटुंबखर्च पाहणीने वेगळेच चित्र दाखवले. देशातल्या एकूण घरांपैकी ८० टक्क्यांहून अधिक घरांत इंटरनेट होते. एचडीबीच्या एक-दोन खोल्यांच्या घरांत मात्र ते निम्म्याहूनही कमी ठिकाणी होते, आणि संगणक तर तिनांतल्या जेमतेम एका घरात. इमारत तीच, फायबर तेच, पेटीही तीच.

यातल्या बऱ्याच घरांत एकटे वृद्ध राहतात. त्यांना इंटरनेट परवडत नव्हते असेही नाही, कित्येकांना ते कशासाठी घ्यायचे हेच कळत नव्हते. बँकेचे पुस्तक होते, दवाखाना खाली होता, गप्पांना कॉफी शॉप होते. सरकारला याची कल्पना होती. वृद्धांना संगणक शिकवण्याचा उपक्रम २००७ पासून चालू होता. २०१४ मध्ये 'होम अ‍ॅक्सेस' योजना आणून, ज्या गरीब घरांत शाळकरी मुले नाहीत त्यांनाही महिन्याला सुमारे ६ डॉलरमध्ये फायबर देऊ केले होते. तरी अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, वाट पाहायची, हे सारे ज्याला जमते त्यालाच योजना मिळते. दिवसा सफाईचे आणि रात्री पहाऱ्याचे काम करणाऱ्या आईला हे जमतेच असे नाही.

मग २०२० साल आले. ७ एप्रिलपासून टाळेबंदी आणि ८ एप्रिलपासून सगळ्या शाळा घरातून. शिक्षण खात्याला सुमारे २०,००० लॅपटॉप आणि टॅबलेट, शिवाय शेकडो डोंगल विद्यार्थ्यांना उसने द्यावे लागले. ज्यांच्या घरी शिकणे शक्यच नव्हते, अशा मुलांसाठी शाळांची दारे उघडी ठेवावी लागली. एका घरात तीन भावंडे, तिघांचे वर्ग एकाच वेळी आणि यंत्र एकच, ही अडचण तर आपल्यासारख्या सुखवस्तू घरांनीही अनुभवली. एंजिनिअरिंग गुड या स्वयंसेवी संस्थेने जुने लॅपटॉप गोळा करून, दुरुस्त करून गरजू मुलांना पोहोचवण्याची मोहीम काढली. १९९९ ची कल्पना एकवीस वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली. त्याच दिवसांत परदेशी कामगारांच्या वसतिगृहांत इंटरनेट आणि सिमकार्डे पुरवण्याची पाळी आली, कारण खोलीत अडकलेल्या माणसाला गावाकडचा आवाज ऐकवणे हीसुद्धा निकड ठरली.

सरकार लगेच हलले, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक माध्यमिक विद्यार्थ्याला स्वतःचे यंत्र देण्याचे उद्दिष्ट २०२८ चे होते, ते २०२१ वर आणले. वृद्धांना फोन वापरायला शिकवण्यासाठी सुमारे हजार डिजिटल दूत नेमले. एप्रिल २०२३ मध्ये दोन्ही जुन्या योजना एकत्र करून 'डिजिटल अ‍ॅक्सेस अ‍ॅट होम' सुरू झाली. चार वर्षांत ६०,००० घरांपर्यंत ब्रॉडबँड आणि यंत्र सवलतीत पोहोचवायचे, असे तिचे उद्दिष्ट ठेवले गेले. २०२४ मध्ये जाळ्याचा वेग दसपट करण्यासाठी १० कोटी डॉलरपर्यंत रक्कमही जाहीर झाली.

या काळात एक मूलभूत प्रश्न उघडपणे विचारला गेला. आयरीन एन्ग, सन सन लिम आणि नॅटली पांग या इथल्या तीन अभ्यासकांनी असे मांडले की, इंटरनेट ही पाणी-विजेसारखी सोय मानावी आणि गरीब घरांना ती अर्जाविना, आपोआप मिळावी. एचडीबीचे घर मिळाले की नळ असतोच, तसे. सरकारची भूमिका अजून पात्रता, अर्ज आणि स्वतःचा वाटा, हीच आहे. माझे मत अभ्यासकांच्या बाजूला झुकते. ज्या शहरात दवाखान्याची वेळ, शाळेची सूचना आणि सरकारी पत्र हे सारे पडद्यावर येते, तिथे पडदा ही चैन राहिलेली नाही. सरकारनेच कारभार तारेवर नेला आहे, तेव्हा तारेचे शेवटचे टोकही त्यानेच सांभाळावे.

आपल्या गावाकडे पाहताना

महाराष्ट्रातल्या वाचकांना वारणेचा प्रयोग आठवत असेल. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. शेतकऱ्याला बाजारभाव, हवामान, सरकारी दाखले सगळे मिळावे, असा संकल्प होता. प्रत्यक्षात केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदींसाठी, वजनाच्या आणि पैशांच्या हिशेबासाठी वापरली गेली. पुढे काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशांवर नेण्याचा प्रयोग झाला आणि तो शेतकऱ्यांना अधिक सोयीचा वाटला. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचे ठरवले. पंचायतीच्या कचेरीपासून शेवटच्या वस्तीपर्यंतचे अंतर कुणी तोडायचे, हा प्रश्न मात्र मागे राहिला. भूगोल वेगळा, पैसा वेगळा, पण एक-दोन खोल्यांच्या घरापाशी सिंगापूर ज्या प्रश्नाशी अडले, तोच हा प्रश्न आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना या सवलतींची गरज नाही, आणि जे नागरिक नाहीत त्यांना त्या लागूही नाहीत. तरी या इतिहासात आपला वाटा आहेच. आपण भरतो त्या बिलाचा दर सरकारी अनुदानाच्या पायावर उभा आहे, म्हणजे आपणही एका अर्थाने लाभार्थीच. तेव्हा थोडे काही करता येण्यासारखे आहे. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप दुरुस्ती करणाऱ्या संस्थेला द्यावा. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंना वायफायचा परवलीचा शब्द न मागता द्यावा आणि त्यांच्या मुलांशी बोलायला निवांत वेळही द्यावा. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारच्या आजोबांना सरकारी पत्र फोनवर कसे उघडायचे ते दाखवायला दहा मिनिटे लागतात. आपल्यातल्या निवृत्त मंडळींनी कम्युनिटी क्लबात जाऊन हे काम आठवड्यातून एक तास केले, तरी पुष्कळ झाले.